जपानमधल्या भाषाशाळेची नारा सहल : जायलाच हवं का, आणि गेल्यावर बघायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरचा मुलगा, ओसाकाच्या एका भाषाशाळेत पहिलंच सत्र. ऑक्टोबरअखेर शाळेची एक दिवसाची 'सांस्कृतिक सहल' नाराला जाणार आहे: सकाळी कोफुकुजी आणि तोदाइजी, दुपारी बसने होर्यूजी, तिन्ही बौद्ध मंदिरं. जेवण धरून साडेसहा हजार येन. त्या दिवशीचा बाइतो, म्हणजे पार्टटाइमचं काम, बुडणार. घरचा शाकाहारी. परत आल्यावर ४०० अक्षरांचा जपानी निबंध द्यायचाय. त्याचं म्हणणं, "देवळं-लेणीच बघायची तर अजिंठा-वेरूळ घरापाशी आहेत, इथे वेगळं काय?" आणि शेवटी, "आईने वाचलंय की नाराजवळ गणपती आहे. त्याच दिवशी जाऊन येता येईल का?"

मी ओसाकातच भाषाशाळेत शिकवते आणि पानं रंगायला लागली की वर्ग घेऊन नाराला जाणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पैसे आणि हजेरी. मनातला खरा प्रश्न तोच आहे, अजिंठा-वेरूळ नंतर आठवलंय.

जायलाच हवं. शाळेच्या वेळापत्रकात असलेली सहल म्हणजे सुट्टी नव्हे. बहुतेक शाळांत त्या दिवशी रीतसर हजेरी होते आणि न आलेल्याची गैरहजेरी लागते. विद्यार्थी व्हिसाची मुदत वाढवताना शाळेकडून हजेरीचा दाखला जातो आणि पुढे सेन्मोन गाक्को, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाचं कॉलेज, किंवा विद्यापीठासाठी अर्ज करशील तेव्हाही तो कागद बारकाईने बघतात. एक दिवस बुडाला म्हणून कोणी तुला परत पाठवत नाही, पण पहिल्याच सत्रात "मला काम होतं" हे कारण लिहून देणं बरं दिसत नाही. आठवड्याला २८ तासांची मर्यादा तुला ठाऊक असेलच. बुडालेले तास त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी घालता येतात. मॅनेजरला आजच सांग. इथे शिफ्ट बऱ्याच आधी ठरतात. वेळेवर सांगितलं तर कोणी हूं की चूं करत नाही, आणि आदल्या संध्याकाळी सांगितलं तर ते वर्षभर विसरत नाहीत.

साडेसहा हजार येन जास्त वाटतात, मान्य. नाम्बाहून किंतेत्सु रेल्वेने नाराचं तिकीट सातशे येनच्या आत मिळतं आणि पाऊण तासाच्या आत पोचता येतं. पण तुझ्या पैशांत बस आहे, तिन्ही ठिकाणची तिकिटं आहेत, जेवण आहे, आणि मुख्य म्हणजे तुला समजेल अशा जपानीत सांगणारं माणूस बरोबर आहे. वर्गात सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, पुस्तकातली वाक्यं बोलतात. बसमध्ये, रांगेत, जेवताना त्या खरी भाषा बोलतात. पहिल्या सत्रातल्या मुलाला ती फुकट ऐकायला मिळण्याचे प्रसंग फार थोडे असतात. बसमध्ये मागच्या बाकावर इतर भारतीय मुलांबरोबर जाऊन बसलास तर मात्र पैसे वाया.

आता जेवण. "मी व्हेजिटेरियन आहे" एवढं सांगून इथे काम भागत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि तुझ्या पुढ्यात मांस नसलेलं पण मासळीच्या पाण्यात शिजवलेलं काहीतरी येतं. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, टोफूची इनारीझुशी, या सगळ्यांत दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या सालपटांची. म्हणून काय काय चालत नाही याची यादीच सांगायची: मांस नाही, मासे नाहीत, दाशीही नाही. अंडं आणि दूध चालतं का तेही सांग. सहलीचा अर्ज भरताना अॅलर्जीचा रकाना असतो, तिथे लिही आणि सेन्सेईंना तोंडीही सांग, किमान दोन आठवडे आधी. तरीही हमी नाही. माझा सल्ला असा की कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) दोन ओनिगिरी (भाताचे गोळे) आणि केळी घेऊन ठेव. मागचं लेबल वाचता येत नसेल तर फोनने वाच, कारण भातातही कधीकधी माशाचा अर्क असतो. थेपले-पोळ्या डब्यात असतील तर सोन्याहून पिवळं. मैदानात बसून डबा खाणं इथे अगदी रूढ आहे, कोणी वळूनही बघत नाही.

नाराची प्रसिद्ध काकिनोहाझुशी पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेली असते आणि बाहेरून फार शुचिर्भूत दिसते. आत मॅकरेल किंवा सामन असतो. नाराझुके हे लोणचं भाज्यांचंच, पण साकेच्या चोथ्यात मुरवलेलं. दारू वर्ज्य असेल तर तेही नको. तुला बिनधास्त खाता येईल अशी गोष्ट म्हणजे हिरवी योमोगी मोची, योमोगीचा पाला घालून कुटलेला चिकट तांदळाचा गोड गोळा. सांजो रस्त्यावर दोन माणसं लाकडी मोगऱ्यांनी ती इतक्या वेगात कुटतात की एकाचा हात आत असताना दुसऱ्याचा घाव पडेल असं वाटून पोटात गोळा येतो.

हरणांबद्दल शाळा माहिती देईलच, पण ती कोणी वाचत नाही म्हणून सांगते. नाराच्या पार्कात मोकळी फिरणारी हरणं पाळीव नाहीत. ती रानटी आहेत, १९५७ पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहेत, आणि कासुगा तैशा देवस्थानचे दूत मानली जातात. तिथला देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे. ऑक्टोबर हा नरांच्या माजाचा काळ. शिंगं कापलेली असली तरी धडक जोरात बसते. तिथे विकत मिळणारी शिका-सेनबेई, म्हणजे तांदळाचा कोंडा आणि पिठाची चकती, तेवढीच द्यायची. मान वाकवून नमस्कार करायला लावण्यासाठी चकती दाखवत ताटकळत ठेवलं की हरीण चावतं. संपल्यावर दोन्ही तळहात रिकामे दाखव, ते कळतं त्यांना. आणि शाळेने दिलेली छापील पुस्तिका पॅन्टच्या मागच्या खिशात खोचू नकोस. हरणांना कागद प्रिय आहे. वर्गातल्या एखाद्याचा तरी कागद दरवर्षी अर्धा खाल्लेला परत येतो, आणि निबंधाचे प्रश्न नेमके खाल्लेल्या अर्ध्यात असतात.

आता तुझा मोठा प्रश्न: वेरूळ पाहिलेल्याने नारा का पाहावं? उलट वेरूळ पाहिलेल्यालाच नारा जास्त कळेल, असं मला वाटतं. कारण सांगते.

नारा ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. ७३५ ते ७३७ मध्ये देवीच्या साथीने देश झोडपून निघाला. सम्राट शोमू याने ७४३ मध्ये प्रचंड मोठा वैरोचन बुद्ध ओतवायचा हुकूम काढला आणि त्यात असंही म्हटलं की कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याला हातभार लावू द्या. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. आता तुझं वेरूळ आठव. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे त्याच आठव्या शतकातलं. तोदाइजीचा बुद्ध आणि कैलास हे जवळपास समवयस्क आहेत. पण कैलास डोंगरातून वरून खाली कोरत आणला, आणि एकदा कोरला तो कोरला. आज आपण बघतो तो तोच दगड. तोदाइजीचं सगळं लाकूड आणि ब्राँझ. महाबुद्धाचा मंडप ११८० मध्ये लढाईत जळला. पुन्हा बांधला. १५६७ मध्ये पुन्हा जळला. त्यानंतर बुद्ध शंभराहून जास्त वर्षं उन्हापावसात उघड्यावर बसला होता. मग एका भिक्षूने देशभर फिरून वर्गणी गोळा केली आणि आज दिसतो तो मंडप १७०९ मध्ये पुरा झाला. तोसुद्धा रुंदीला मूळच्या दोन-तृतीयांशच, सुमारे ५७ मीटर, कारण तेवढे पैसे आणि तेवढी थोरली झाडं आता मिळत नव्हती. एवढं करूनही तो जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींत मोजला जातो.

मूर्तीकडे बघतानाही हे डोक्यात ठेव. ती सुमारे १५ मीटर उंच आहे, पण तिचं वय एक नाही. डोकं सतराव्या शतकाच्या शेवटचं, धडाचा बराच भाग मध्ययुगातला, आणि खालच्या कमळाच्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्या. गर्दी सगळी समोर उभी राहून फोटो काढते. तू मागच्या बाजूने प्रदक्षिणा घाल. मूळ मंडप आणि मूळ मनोरे कसे होते त्याच्या लाकडी प्रतिकृती मागे ठेवल्या आहेत. काय गेलं आणि काय उरलं ते तिथे एका नजरेत कळतं. बाहेर पडताना दाराजवळ लाल कापड पांघरलेली, झिजलेली लाकडी मूर्ती दिसेल. तो बिंझुरू, म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं दुखतं तो अवयव त्याच्या अंगावर चोळायचा आणि मग स्वतःच्या. त्याचे गुडघे सगळ्यांत गुळगुळीत आहेत, त्यावरून इथे येणाऱ्यांचं सरासरी वय ताडता येतं.

इथे भारतीय मुलांचं हमखास एक होतं. मार्गदर्शक सांगतात की डोळे उघडण्याच्या विधीत कुंचला ज्याच्या हातात होता तो भारतीय भिक्षू होता, आणि मुलं एकमेकांना टाळ्या देतात. गोष्ट खरी आहे. बोधिसेन त्याचं नाव, जपानीत बोदाइसेन्ना. दक्षिण भारतातून तो चीनला गेला, तिथून ७३६ मध्ये जपानला आला, नारातच राहिला, संस्कृत शिकवलं, आणि ७६० मध्ये इथेच वारला. कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागावा. तो कुंचला आणि तो निळा दोर आजही शोसोइन या तोदाइजीमागच्या खजिन्यात जपलेले आहेत. इतकंच नाही, तर पहिल्या आगीनंतर ११८५ मध्ये मूर्ती पुन्हा घडवली तेव्हा निवृत्त सम्राटाने तोच कुंचला बाहेर काढून पुन्हा डोळे उघडले.

यातला कुठला भाग तुला लक्षणीय वाटतो, यावर तुझी सहल कशी झाली ते ठरेल. "माणूस आपला होता" इथे थांबलास तर तू संभाजीनगरातून निघालाच नाहीस. एक साधा कुंचला यांनी साडेबाराशेहून जास्त वर्षं का जपला, आणि गरज पडली तेव्हा संग्रहातली वस्तू म्हणून न ठेवता वापरला कसा, हे विचारलंस तर सेन्सेईंकडेही सांगायला पुष्कळ असेल. "हे सगळं मूळचं आमचंच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं जपानी भाषांतर माझे सहकारीसुद्धा पाठ म्हणून दाखवतात. ते चूक आहे म्हणून मला खटकत नाही. त्यानंतर कोणी पुढे काही बघत नाही म्हणून खटकतं.

कोफुकुजीत याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आहे. पाचमजली पॅगोडा दुरुस्तीसाठी झाकलेला आहे आणि अजून काही वर्षं तसाच राहील, त्यामुळे हिरमुसून जाऊ नकोस. खरा ऐवज तिथल्या संग्रहालयात आहे. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते उत्तमच. तिथे आशुरा उभा आहे. आपल्याकडे असुर म्हटला की मिशाळ, दांडगा, देवीच्या पायाखाली पडलेला. हा पोरगेला आहे. उंची १५३ सेंटिमीटर. तीन तोंडं, सहा हात, हात कोळ्याच्या पायांसारखे बारीक. समोरच्या चेहऱ्यावर भुवया किंचित आखडलेल्या. राग म्हणावा तर राग नाही, रडू म्हणावं तर रडूही नाही. एका बाजूच्या चेहऱ्याने खालचा ओठ दाताखाली धरलाय. सम्राज्ञी कोम्यो हिने आईच्या पहिल्या वर्षश्राद्धासाठी, ७३४ मध्ये, जो मूर्तिसमूह घडवून घेतला त्यातला हा एक.

मूर्ती दगडाची नाही, धातूची नाही, लाकडातही कोरलेली नाही. मातीचा ढाचा करून त्यावर तागाचं कापड लाखेत बुडवून थरावर थर चढवायचे, वाळल्यावर आतली माती काढून घ्यायची आणि आत लाकडी आधार ठेवायचा, अशी ती पद्धत. म्हणून आशुराचं वजन सुमारे १५ किलोच आहे. हे देऊळ पुन्हा पुन्हा जळालं, आणि या मूर्ती वाचल्या त्या हलक्या होत्या म्हणून, असं सांगतात: आग लागली की उचलायचं आणि पळायचं. वेरूळच्या शिल्पाला असं कोणी उचलू शकणार नाही, आणि तशी गरजही नाही. तुझ्या प्रश्नाचं, "इथे वेगळं काय?" याचं, उत्तर मी दिलं नसतं तरी या मूर्तीसमोर दहा मिनिटं उभं राहिल्यावर तुला सापडलं असतं.

दहा मिनिटं हे मी उगाच म्हणत नाही. वर्ग त्या दालनातून फार झपाट्याने बाहेर पडतो. तू मागे रहा. गटाची पुढची जमण्याची जागा आणि वेळ लिहून ठेव आणि त्याच्या दहा मिनिटं आधी तिथे पोच, म्हणजे मागे राहिल्याबद्दल कोणी बोलणार नाही.

वर्गात कोण कोण आहे तेही बघ. ओसाकाच्या भाषाशाळांत व्हिएतनाम, नेपाळ, म्यानमार, श्रीलंका, चीन इथली मुलं असतात, म्हणजे निम्मा वर्ग बौद्ध घरातला. महाबुद्धासमोर म्यानमारच्या मुलीचा हात आपोआप बुटांकडे जातो आणि इथे बूट काढायचे नसतात हे बघून ती बावरते. श्रीलंकेचा मुलगा गुडघे टेकायला जागा शोधतो. जपानी माणूस नाणं टाकून, हात जोडून, क्षणात पुढे सरकतो. आणि हो, टाळ्या वाजवून प्रार्थना शिंतो देवस्थानात, बौद्ध मंदिरात नाही. हे सगळं सेन्सेईंच्या पुस्तिकेत नसतं. त्या मुलांना मोडक्या जपानीत विचार, तुमच्याकडे कसं करतात. तू स्वतः बौद्ध घरातला असशील किंवा नागपूरकडचा कोणी वर्गात असेल, तर १९५६ सालची दीक्षाभूमीची हकीकत या मुलांना सांगण्यासारखी आहे. ओकायामाकडचा एक जपानी भिक्षू, सुरेई ससाई, १९६० च्या दशकात नागपूरला गेला आणि पुढे भारताचा नागरिक झाला, हे कळल्यावर जपानी शिक्षकही कान टवकारतात.

दुपारचं होर्यूजी. इथे तू, संभाजीनगरचा म्हणून, वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त जाणतोस, फक्त तुला ते ठाऊक नाही.

राजपुत्र शोतोकूने ६०७ मध्ये स्थापलेलं हे मंदिर ६७० मध्ये जळलं आणि त्यानंतर पुन्हा उभारलं. त्या पुनर्बांधणीतल्या इमारती, कोन्दो हा मुख्य मंडप आणि पाचमजली पॅगोडा, या जगात टिकून असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. कोन्दोच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटाकडची चित्रं होती. त्यातल्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक तुझ्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी करत आले आहेत: तसंच कलतं डोकं, तशीच अर्धी मिटलेली नजर. फरक रेषेचा आहे. अजिंठ्याची रेषा कमी-जास्त जाड होत अंगाला गोलाई देते, तर इथली तारेसारखी एकसारखी.

"होती" म्हणाले, कारण २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोन्दोला आग लागली आणि ती चित्रं करपून गेली. इमारत दुरुस्तीसाठी अर्धी उतरवलेली होती म्हणून वरचा भाग वाचला. त्या वेळी आत काय चाललं होतं? चित्रकार त्याच चित्रांच्या नकला करत होते.

ही हकीकत अजिंठ्याला जाऊन भिडते. १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांना अजिंठा दिसला, त्यानंतर रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी चित्रकाराने वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळल्या. मग जॉन ग्रिफिथ्स या चित्रकाराने मुंबईच्या कलाशाळेची मुलं नेऊन पुन्हा नकला करवल्या. त्यातल्या पुष्कळ लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे आराइ कानपो हा जपानी चित्रकार टागोरांच्या बोलावण्यावरून भारतात आला आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या नकला करून त्याने तोक्योला नेल्या. १९२३ च्या महाभूकंपात त्याही नष्ट झाल्या. हाच कानपो पुढे होर्यूजीच्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांत होता. १९४५ मध्ये तो वारला, म्हणून आग त्याला बघावी लागली नाही. अजिंठ्याच्या नकला जळत राहिल्या आणि मूळ टिकलं. होर्यूजीला मूळ जळलं आणि नकलांनी तारलं. १९३५ मध्ये क्योतोच्या एका छापखान्याने या भिंतींची मूळ आकारात छायाचित्रं घेतली होती, त्यांच्या आधाराने १९६० च्या दशकात चित्रं पुन्हा रंगवली. तू कोन्दोत बघशील ती ही. १९४९ च्या धक्क्याने जपानने पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला, आणि दर २६ जानेवारीला इथे देवळादेवळांतून आग विझवण्याची तालीम होते. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं, त्यामुळे तारीख तुझ्या लक्षात राहील.

कोन्दोत अंधार असतो. पॅगोडाच्या तळातही जाळीतून डोकवावं लागतं. उत्तरेच्या बाजूला जा. ७११ मधली मातीची छोटी छोटी माणसं आहेत, बुद्धाच्या मृत्यूभोवती बसलेली. डोळे अंधाराला सरावले की दिसतं: शिष्य तोंड उघडून, छाती बडवून, अक्षरशः हंबरडा फोडून रडताहेत. जपानी माणूस चारचौघांत भावना दाखवत नाही, असं आल्यापासून तुला दहा जणांनी सांगितलं असेल. ही बाजू बघितल्याशिवाय तेवढं मत बनवू नकोस.

निबंधाचं आता सोपं झालं. ४०० अक्षरं म्हणजे चौकटींच्या कागदाचं एक पान. पन्नास टक्के मुलं लिहितात ते असं: सकाळी बसने गेलो, हरणं होती, बुद्ध मोठा होता, जेवण छान होतं, तानोशिकात्ता देसु, म्हणजे मजा आली. यात चूक काही नसतं, म्हणून लाल शाईही नसते आणि गुणही नसतात. तू सगळा दिवस लिहू नकोस. एक वस्तू निवड. समज, आशुरा. पहिल्या तीन-चार वाक्यांत तो दिसतो कसा ते तुला येणाऱ्या शब्दांत लिही: चेहरे किती, हात किती, भुवया कशा. मग तुझ्या गावाकडे असुर कसा दाखवतात ते दोन वाक्यांत. मग तिथे उभा असताना मनात आलेला एक प्रश्न, उत्तर नसलं तरी चालेल. 'मला वाटतं' आणि 'मला वाटलं' या दोन रचना तुम्हाला याच सत्रात शिकवलेल्या असतात आणि सेन्सेई त्या वापरलेल्या दिसण्याची वाटच बघत असतात. मराठीत आधी लिहून फोनने उलटवू नकोस. ते पहिल्या ओळीत कळतं, आणि मग पुढचं कोणी मनापासून वाचत नाही. सहलीतच वहीत पाच-सहा शब्द टिपून ठेव. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सगळे झोपतात, तेव्हा दोन वाक्यं कच्ची लिहून काढ.

जाता जाता एक. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला नारा राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइनच्या खजिन्यातल्या निवडक वस्तू मांडतात, १९४६ पासून. दरवर्षी वस्तू वेगळ्या असतात. शाळा तिथे नेणार नाही, कारण वेळ ठरवून आधी तिकीट काढावं लागतं. पण तू बचत करून एकदा जा.

आणि आईचा गणपती. आहे, खरंच आहे. ओसाका-नारा लोहमार्गावर मध्येच इकोमा स्टेशन लागतं, त्यावरच्या डोंगरात होझानजी हे देऊळ, १६७८ मधलं. तिथे कांगितेन म्हणून जो देव पुजतात तो गजमुख आहे, आपल्या विनायकाचंच जपानला पोचलेलं रूप. देवळापर्यंत जायला १९१८ मध्ये जपानमधली पहिली केबल रेल्वे बांधली, ती अजून चालते. तिच्या डब्यांना कुत्र्या-मांजराची तोंडं आहेत, त्याचा देवाशी काही संबंध नाही. पण सहलीच्या दिवशी मधेच उतरून जायचं मनातही आणू नकोस. गटातून एक जण गायब झाला तर चाळीस जणांची बस थांबते आणि सेन्सेईंना शाळेला लेखी कळवावं लागतं. एखाद्या रविवारी जा. आईला आधीच सांगून ठेव की दर्शन होणार नाही. कांगितेन इथे गुप्त ठेवतात. तो बहुतेक वेळा दोन गजमुख आकृत्या एकमेकांना मिठी मारून उभ्या, असा असतो आणि भक्तांना दाखवत नाहीत. तुला दिसतील त्या त्याच्या खुणा: कंदिलांवर, कठड्यांवर, दानपेटीवर एकमेकांत अडकलेले दोन मुळे आणि पैशांची बटवी. मुळा नैवेद्याला खरोखरचा ठेवतात.

मोदकाचंही आहे. क्योतोत कामेया कियोनागा नावाचं १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे, तिथे कांगिदान मिळतं: बटव्यासारखं वर चुण्या घालून बंद केलेलं, आत अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण, त्यात चंदन-दालचिनीसारखे सुगंधी पदार्थ. आईला फोटो पाठवलास तर ती मोदकच म्हणेल. चव मात्र पहिल्या घासाला देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्यासारखी लागते. मासळी-दाशी काही नाही, तळणं तिळाच्या तेलात. एकच घे आणि तिथल्या तिथे खा. जड असतं, दोन खाल्लेस तर रात्रीचं जेवण जाणार नाही.